कोण अलाऊ करतंय?

आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक फर्मान निघालं. घरकामाला येणाऱ्या बायकांनी लॉबीतल्या सोफ्यावर बसू नये, अलाऊड नाही. खाली धडाधड अंगठे वर झाले. कुणी हात जोडले, कुणी 'वेल सेड' म्हणालं. तो सोफा केवढा, त्यावर बसतं कोण आणि बसलं तर झिजतो किती! पण मंडळी अशी खूश, जणू किल्ला सर केलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं, "कोण अलाऊ करत नाहीये? नाव सांगा." तेव्हापासून ग्रुपवर माझ्याशी कुणी बोलत नाही.

हा प्रश्न मुळात माझा नाही. तो जयपूरच्या आमच्या काकूंचा. 'अलाऊड नहीं है' हे शब्द कानावर पडले की काकू हातातलं काम टाकून उठायच्या, चष्मा नाकावर चढवायच्या आणि समोरच्याला विचारायच्या, "कौन अलाऊ कर रहा है? उनको बुलाइए." बँकेत, दवाखान्यात, देवळात, कुठेही. समोरचा गडबडायचा. कारण अलाऊ न करणारा माणूस कधी जागेवर नसतोच. तो नेहमी वरच्या मजल्यावर असतो, नाहीतर मीटिंगमध्ये.

माझी विमा कंपनीतली नोकरी, बदली झाली जयपूरला, ऑफिस तिथल्या सी-स्कीम भागात. एकटी मुलगी घर शोधायला निघाली की लोकांना काय काय विचारावंसं वाटतं, याचा मी त्या दिवसांत अभ्यासच केला. "शादी हुई है?" "क्यों नहीं हुई?" "अंडा-वंडा तो नहीं बनाओगी?" "भाई के अलावा कोई आएगा?" एक गृहस्थ माझ्या जातीपर्यंत पोचायला इतकी वळणं घेत होते की शेवटी मीच म्हटलं, "जात पूछनी है?" तर म्हणाले, "अरे नहीं नहीं, हम ये सब नहीं मानते. बस जानकारी के लिए." जानकारी! माझ्या जातीची जानकारी घेऊन ते काय लोणचं घालणार होते?

असं सगळं पायाखाली घालून मी बनी पार्क मोहल्ल्यातल्या काकूंकडे पोचले. त्यांनी लग्नाचं विचारलं नाही, अंड्याचं विचारलं नाही. चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसातल्या गार्डाले बसाले खुर्ची आहे का?"

"असेल की."

"असेल म्हणजे पाहिलं नाही. उद्या पाहून या, मग खोलीची चावी घेऊन जा."

मला वाटलं, बाई जरा सटकलेल्या दिसतात. पण घर शोधून इतकी वैतागले होते की दुसऱ्या दिवशी खरोखर जाऊन पाहिलं. पाय मोडलेलं एक स्टूल होतं. तसं काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मोडकं तं मोडकं, पण आहे नं. आता नवं आणवून घ्या. तुम्ही आहात नं तिथं." चावी मिळाली. स्टुलासाठी मात्र पुढे मला ऑफिसात बरंच तोंड वाजवावं लागलं.

काकू अमरावतीच्या. लग्नाआधी तिकडच्या मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या. काका केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. काकूंनी जयपूरच्याही एका शाळेत हिंदीतून तोच विषय शिकवला. मी गेले तेव्हा काका नव्हते, शाळाही सुटली होती. शिकवण्याची सवय मात्र सुटली नव्हती, त्यामुळे वर्ग कुठेही भरायचा. अंगात कडक इस्त्रीची सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि वऱ्हाडी बोली इतकी वर्षं राजस्थानात राहूनही जशीच्या तशी.

त्या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या, हिंदीत 'आप'. भाजीवाल्याला आप, कचरा नेणाऱ्याला आप, शेजारच्या नातवंडांना आप. फाटकात आडवा पसरलेल्या गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा मी त्यांना "ज़रा हटिए" म्हणताना ऐकलंय. अरेतुरे फक्त एकाच माणसाशी, भिंतीवरच्या काकांच्या फोटोशी. "तुले काय जाते हसाले? इथं मी एकटी भांडून राहिली!"

त्यांच्या घरात कपांचा सेट नव्हता. प्रत्येक कप वेगळा, रंग वेगळा, कान वेगळा. मला वाटायचं काटकसर असेल, किंवा म्हातारपणची बेफिकिरी. एकदा दिवाळीला मी सुरेख सेट घेऊन गेले, तर काकूंनी तो उघडलाही नाही. म्हणाल्या, "सेट असला का त्यातला एक कप फुटते. फुटला का तो बाजूले निघते. मग तो कोणाच्या नावानं राहते, ते तुम्हाले माहीत आहे नं?" मला माहीत होतं. आपल्या सगळ्यांनाच माहीत असतं. मोरीच्या वरच्या फळीवर, खिडकीच्या कोपऱ्यात, टवका उडालेला एक कप आणि त्याची वेगळी बशी. सेट मी ऑफिसात देऊन टाकला.

मानवी हक्क म्हटलं की आपल्याला मोठमोठे जाडजूड शब्द आठवतात. काकूंना ते पाठ होते, पण त्या ते वापरत नसत. "सगळ्या जगानं मिळून एकदा मान्य केलं," त्या मेथी निवडता निवडता सांगायच्या, "का माणूस म्हणून जन्मला त्याले मान आहे. सगळ्याईले. आता 'सगळे' या शब्दाचा अर्थ समजाले काय पीएचडी लागते?" मी एकदा सहज म्हणाले, की सरकारनं लोकांना इतके हक्क दिलेत पण लोकांना पत्ताच नाही. काकूंनी मेथीची जुडी आपटली. "दिलेत? कोणी दिले? हक्क कोणी देत नसते बाप्पा! ते असतातच. लोक फक्त ते अडवून बसतात. आपल्याले देणाऱ्यासमोर हात नाही जोडायचे, अडवणाऱ्याले जागेवरून उठवायचं आहे."

आता अशी बाई सगळ्यांना कशी आवडेल? मराठी मंडळींच्या गणपतीत ढोलवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवलं म्हणून काकू भर पंगतीतून उठल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांना आमंत्रण आलं ते अगदी शेवटच्या दिवशी, तेही आरती झाल्यावरच्या वेळेचं.

त्या चुकायच्याही. सी-स्कीममधल्या कपड्यांच्या एका झगमगीत शोरूममध्ये मी त्यांच्याबरोबर होते. काउंटरवरच्या मुली सकाळपासून उभ्या. बसायला काही नाहीच, आणि भिंतीला टेकलं तरी मालक आरशातून बघणार. काकू त्यातल्या एकीला म्हणाल्या, "जब तक आप नहीं बैठेंगी, मैं कपड़ा नहीं देखूँगी." मालक धावत आला. काकूंनी त्यालाही झापलं. सगळं दुकान बघत होतं, आणि ती मुलगी रडवेली होऊन हळूच म्हणाली, "मैडमजी, आप चली जाइए ना. आप तो चली जाएँगी, मेरी नौकरी जाएगी."

काकूंनी तडक रिक्षा केली. घरी आल्यावर काकांच्या फोटोला म्हणाल्या, "पाहिलंस? त्या पोरीले मी विचारलंच नाही." त्यानंतर कुणासाठी भांडायचं असलं की आधी त्या माणसाला विचारायच्या. भांडण त्यामुळे कमी झालं असं नाही. उशिरा सुरू व्हायचं, एवढंच.

आता सुगनाबाईचं सांगते, कारण काकूंचं खरं भांडण तेच.

आमच्या समोर पूर्वी एक कोठी, म्हणजे जुना बंगला होता. तो पाडून तिथं उंच अपार्टमेंट झालं. गुलाबी दगडाची कमान, काचेचं दार, कारंजं. सुगनाबाई तिथल्या बऱ्याच घरांत झाडूपोछा आणि भांडी करायची. झोटवाड्याकडून पहाटे चालत यायची, दुपार उतरल्यावर परत जायची. लिफ्टपाशी पाटी होती, 'नौकरों के लिए वर्जित'. जिने चढून-उतरून ती बाई दोन घरांच्या मध्ये आमच्या कडुलिंबाखाली येऊन टेकायची. काकूंनी तिथं माठ ठेवला होता. मे महिन्यात जयपूर तव्यासारखं तापतं. पण सुगनाबाई माठातलं पाणी घ्यायची, ओढणीचं टोक भिजवायची, तोंड पुसायची आणि पाणी काही प्यायची नाही.

काकूंना वाटलं, आपल्या हातचं हिला चालत नाही की काय. मनाला लागलं त्यांच्या. शेवटी विचारलंच, "सुगनाजी, हमारे घर का पानी नहीं पीतीं आप?"

सुगनाबाई हसली. "पीऊँगी तो जाना पड़ेगा ना मैडमजी. जाऊँ कहाँ?"

एवढंच. संगमरवरी फरशीच्या त्या इमारतीत दर घरात दोन-तीन बाथरूम, आणि ती घासायची सुगनाबाईनं. वापरायची मात्र नाही. खाली कम्युनिटी हॉलला लागून पाहुण्यांसाठी चकचकीत बाथरूम होतं. तिथंही नाही. गार्ड पलीकडच्या रिकाम्या प्लॉटच्या भिंतीकडे तोंड करून मोकळे होत. बाईमाणसानं काय करायचं? तर पाणी प्यायचं नाही. पहाटेपासून दुपारपर्यंत, मे महिन्यात, जयपूरमध्ये. हे ऐकल्यावर मला वरच्या माझ्या खोलीतल्या बाथरूमला जायचीसुद्धा चीड येऊ लागली.

मग सुगनाबाई तापानं पडली. लघवीला आग, पाठीत कळा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, भरपूर पाणी पीत जा आणि रोखून धरत जाऊ नको. सुगनाबाई परत आली ती आणखी वाळलेली, आणि पाणी तरीही पिईना.

काकू गेल्या समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. मीही बरोबर होते. सेक्रेटरी तसे नम्र गृहस्थ, बोलण्यात प्रत्येकाला जी लावणारे. म्हणाले, "मैडमजी, मैं तो समझता हूँ. पर अलाऊड नहीं है. आज एक को दिया, कल सब माँगेंगी."

"माँगेंगी क्यों? शरीर तो सबका है," काकू म्हणाल्या. "और अलाऊ कौन नहीं कर रहा?"

"कमेटी."

"कमेटी में कौन है?"

"जी... मैं, और बाकी लोग."

"बाकी लोगों को बुलाइए."

बाकी लोग अर्थातच मीटिंगमध्ये होते.

काकू तशाच परत आल्या आणि सुगनाबाईला म्हणाल्या, आमच्याकडे येत जा. पण काकूंचं बाथरूम घराच्या पोटात, स्वयंपाकघर आणि देवघर ओलांडून जायचं. सुगनाबाई दोनदा आली, अंग चोरून, ओढणी तोंडावर ओढून, आणि मग यायची बंद झाली. तेव्हा काकूंनी ठरवलं की परसात नवं बाथरूम बांधायचं. मागच्या बोळातून थेट येता येईल असं. म्हणजे कुणाला विचारायला नको, कुणाच्या घरातून जायला नको. फिकट निळ्या टाइल्स त्यांनी स्वतः निवडल्या. गवंड्याच्या डोक्यावर बसून काम करून घेतलं आणि त्यालाही सारखं "आप पानी पी लीजिए" म्हणत राहिल्या. गल्लीत काम करणाऱ्या साऱ्या बायका तिथं येऊ लागल्या. काकू इतक्या खूश, की काकांच्या फोटोशीही त्या दिवसांत प्रेमानं बोलत होत्या.

आणि एका संध्याकाळी समोरचे सेक्रेटरी मावा कचोरीचा डबा घेऊन आले.

"मैडमजी, आपने तो पूरी सोसायटी की समस्या हल कर दी," ते हात जोडून म्हणाले. "हमने सब घरों में बोल दिया है, जिसको जाना हो, सामने मैडमजी के पीछे चली जाए. और आपने किया भी कितना सही. एकदम अलग, पीछे की तरफ़. सबका मान रह गया."

काकूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. कुणी थोबाडीत मारली असती तरी तो तसा झाला नसता. सेक्रेटरी गेल्यावर त्या परसात गेल्या आणि त्या निळ्या टाइल्सकडे बघत उभ्या राहिल्या. "मी काय करून बसली?" त्या म्हणाल्या. "त्याईचं काम मी करून दिलं. अन वेगळं करून दिलं. मागून. मी!"

मला सेक्रेटरीचा संताप आला होता. काकूंना स्वतःचाच आला होता, आणि तो माझ्या संतापाहून फार मोठा होता. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः परसातलं बाथरूम वापरू लागल्या. बायकांना सांगितलं, आतलं बाहेरचं काही नाही, ज्याला जे जवळ पडेल ते. देवघरातल्या देवांनीही कुरकुर केली नाही.

पण त्यानं सुगनाबाईचा प्रश्न सुटला नव्हता, आणि तेही काकूंना कळत होतं. वरच्या मजल्यावरून जिने उतरायचे, रस्ता ओलांडायचा, परत जिने चढायचे. "इतनी देर कहाँ लगा दी?" म्हणून मालकीण तोंड टाकणार. म्हणून सुगनाबाईनं आपला जुनाच उपाय चालू ठेवला होता. ती पुन्हा एकदा तापानं पडून उठली. हॉलचं बाथरूम तिच्या हाताच्या अंतरावर, आणि दारात गार्ड.

जानेवारीत सेक्रेटरी पुन्हा आले. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला काकूंनी प्रमुख पाहुण्या म्हणून यावं. संविधान आणि अधिकार यावर दोन शब्द बोलावेत. "आप तो इस विषय की टीचर रही हैं. और सोसायटी पर आपका उपकार भी है." मला वाटलं काकू त्यांना फाटकाबाहेर काढणार. त्या म्हणाल्या, "आऊँगी."

आणि मग त्या कडुलिंबाखाली जाऊन सुगनाबाईजवळ बसल्या. "सुगनाजी, उस दिन मैं आपके लिए वहाँ झगड़ा करूँ? नौकरी जा सकती है. आप ना कहेंगी तो नहीं करूँगी."

सुगनाबाईनं ओढणी डोक्यावरून सारखी केली. म्हणाली, "घर तो और मिल जाएँगे मैडमजी. सरीर कहाँ से लाऊँगी?"

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच आशेवर राहाल. त्या दिवसानंतर हॉलचं बाथरूम उघडलं. मोठ्या मनानं नव्हे, शरमेनं. लिफ्टची पाटीही उतरली, म्हणजे कुणीतरी ती काढून नेली आणि पुन्हा लावायची कुणाची छाती झाली नाही. सुगनाबाईला एका घरानं कामावरून काढलं, बाकीच्यांनी ठेवलं. कमिटीनं माफी वगैरे काही मागितली नाही. माझी बदली झाली, आणि पुढे काकूही गेल्या. त्यांना 'मोठ्या समाजसेविका' म्हणणारा श्रद्धांजलीचा संदेश सेक्रेटरींनीच सगळीकडे फिरवला होता. तो वाचून मी फोन भिंतीवर आपटणार होते.

तर तो सव्वीस जानेवारी. थंडी मरणाची, धुकं अजून उतरलेलं नव्हतं. कारंज्यापुढे खुर्च्या मांडलेल्या, तिरंगी फुगे, हॉलच्या पायरीवर माइक. काकू नव्या इस्त्रीच्या साडीत आल्या आणि पहिल्या रांगेत आपल्या शेजारच्या खुर्चीवर त्यांनी सुगनाबाईला बसवलं. मागच्या रांगेत कुजबुज झाली. झेंडा फडकला. मुलांची गाणी झाली. मग सेक्रेटरींचं भाषण, आणि ते आवरता आवरेना. आपल्या देशात सगळे समान आहेत, गरीब-श्रीमंत असा भेद नाही, वगैरे. दोनदा चहा फिरला. काकूंना मधुमेह होता, त्यात ती थंडी. मी पाहत होते, त्या खुर्चीत चुळबुळत होत्या.

सेक्रेटरी खाली बसले तशा काकू सुगनाबाईकडे वळल्या. "आपको जाना है?" सुगनाबाईनं मान डोलावली. पहाटे घरून निघालेली बाई, तिला नसेल जायचं तर कुणाला? दोघी उठल्या आणि हॉलच्या बाथरूमकडे गेल्या. दारात गार्ड आडवा झाला. त्याचाही नाइलाज. "मैडमजी, आप जाइए. ये नहीं."

"हम दोनों को जाना है."

सेक्रेटरी लगबगीनं आले. सगळे बघताहेत म्हणून चेहरा हसरा ठेवून, हळू आवाजात म्हणाले, "मैडमजी, आप तो मेहमान हैं. इनका क्या है, इनके लिए तो आपके घर में है ना."

त्या माणसाला हे वाक्य बोलताना काही वाटलं नाही. काकूंचं चांगुलपण त्यानं उचललं आणि त्याच्याच विटा करून दारात भिंत घातली.

काकू मागे वळल्या. सुगनाबाईला खुर्चीवर बसवून त्या पायरीवर चढल्या आणि माइक हातात घेतला. "मुझे अधिकारों पर बोलने के लिए बुलाया है," त्या म्हणाल्या. "मुझे इस वक़्त बाथरूम जाना है. सुगनाजी को भी जाना है. मुझे जाने देते हैं, इनको नहीं. तो मैं भी नहीं जाऊँगी. जब तक दरवाज़ा दोनों के लिए नहीं खुलता, मैं बोलती रहूँगी."

कुणीतरी हसलं. त्यांना तो विनोद वाटला.

काकू बोलत राहिल्या. वर्गात शिकवायच्या तशा, सावकाश. माणसाला मान असतो म्हणजे काय, तर त्याला बसायला जागा असते, आजारी पडला तर औषध असतं, त्याच्या अंगाला कुणी त्याच्या मर्जीविरुद्ध हात लावत नाही. आणि त्याचं शरीर जे मागतं, ते त्याला चोरून करावं लागत नाही. हे आपण दिलेलं नाही, त्यामुळे आपल्याला ते परतही घेता येत नाही. मध्ये मध्ये त्या थांबायच्या. माइकचा दांडा घट्ट धरायच्या. कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. मला राहवेना. मी पायरीपाशी जाऊन मराठीत म्हटलं, "काकू, पुरे. घर समोर आहे, चला."

"घरी नाही," त्या माइकवर हात ठेवून म्हणाल्या. "सुगनाजी रोज इथं असतात. मी पण इथंच."

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते मोबाइल बघत होते. मी कमिटीच्या बाकी लोकांकडे पाहिलं. त्या दिवशी ते मीटिंगमध्ये नव्हते, सगळे हजर होते, आणि त्यातल्या एकालाही उठून 'उघडा ते दार' एवढे तीन शब्द म्हणता आले नाहीत. एवढे शिकलेले, एवढी घरं, एवढ्या गाड्या, सगळ्यांच्या छातीला तिरंगा लावलेला!

काकू बोलता बोलता एकदम गप्प झाल्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी मान खाली घातली नाही. समोर बघत उभ्या राहिल्या. पायरीचा गुलाबी दगड त्यांच्या बुटांभोवती काळसर व्हायला लागला.

माइक चालूच होता, त्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. लोकांना कुठे बघावं कळेना. एका बाईनं तोंडावर पदर घेतला. अमरावतीच्या आणि जयपूरच्या पोरींना आयुष्यभर शिकवलेली म्हातारी बाई भर सभेत उभी होती, आणि लाज वाटायला हवी होती ती तिला नव्हे. मला रडू आलं, आणि रडू येतंय म्हणून आणखी संताप आला.

पहिली हलली ती सुगनाबाई. तिनं अंगावरची ओढणी काढली, पायरी चढून ती काकूंच्या कमरेभोवती गुंडाळली, त्यांचा हात धरला आणि खाली आणलं. दोघी बाथरूमकडे चालू लागल्या. गार्ड बाजूला झाला. त्यानंच दार उघडलं, खाली मान घालून. दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

सगळे उभे राहिले होते. का उठलो, कुणालाच सांगता आलं नसतं. सेक्रेटरींनी गार्डला जवळ बोलावलं. त्यांना वाटलं कुणाला ऐकू जात नाही, पण मी शेजारीच होते.

"बाद में फिनाइल से अच्छी तरह धुलवा देना," ते म्हणाले.

"किसके जाने के बाद, साहब?" मी विचारलं. मोठ्यानं, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं. "अंदर दोनों हैं."

त्यांनी दाराकडे पाहिलं. आतून नळाचा आवाज येत होता, आणि काकू सुगनाबाईशी काहीतरी बोलत होत्या. ते दार उघडेपर्यंत आमच्यातलं कुणीही खाली बसलं नाही.